वर्गान्तरसंबंध आणि दारिद्र्यमुक्ती : मराठी आत्मकथनांची साक्ष

१

दारिद्र्याची कारणमीमांसा करताना जमीन, मजुरी, कर्ज आणि शिक्षण यांचा हिशेब मांडण्याची पद्धत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समाजशास्त्राने या हिशेबात आणखी एका बाबीची भर घातली. ती म्हणजे माणसांच्या ओळखी. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली असे दाखविले की, नोकरीची वार्ता माणसाला पुष्कळदा जिवलगांकडून नव्हे, तर दूरच्या परिचितांकडून मिळते. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते त्याला बहुधा आधीच ठाऊक असते. रॉबर्ट पुटनम यांच्या २००० सालच्या ग्रंथाने आपल्यासारख्यांना एकत्र बांधणारे संबंध आणि आपल्याहून वेगळ्यांशी जोडणारे संबंध हा भेद सर्वत्र परिचित केला. पुढे २०२२ साली राज चेट्टी व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील ७ कोटी २२ लाख फेसबुक वापरणाऱ्यांच्या सुमारे २,१०० कोटी मैत्रीसंबंधांची छाननी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. गरीब आणि सुस्थित यांची मैत्री जेथे अधिक, तेथे गरीब घरातील मुले पुढे वर येण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. सुस्थित घरातील सर्वसाधारण मुलाला सुस्थितांचा जितका सहवास लाभतो तितका जेथे सर्वांना लाभतो, अशा जिल्ह्यात गरीब मूल वाढले, तर प्रौढपणी त्याचे उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी अधिक असेल, असा त्यांचा अंदाज आहे.

या संशोधनाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्यावरून सद्भावनाशील मंडळी जो निष्कर्ष काढतात तो मात्र तपासून घ्यावयास हवा. वरच्या आणि खालच्या थरांतील कुटुंबांचा परिचय घडवून आणावा, म्हणजे खालच्यांना वर येण्याचा मार्ग मोकळा होईल, असा तो निष्कर्ष होय. त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे. गरीब कुटुंब सुस्थितांपासून तुटलेले असते, आणि हे तुटलेपण हेच त्याच्या दारिद्र्याचे एक कारण असते, असे त्यात मानलेले आहे. अमेरिकेतील शहरांपुरते हे गृहीत खरे असेलही. मराठवाड्यातील खेड्यापुरते ते खरे आहे काय, हा येथे विचारावयाचा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यास समाजशास्त्रीय पाहणीइतकाच, किंबहुना तिच्याहून सूक्ष्म असा एक पुरावा मराठीत उपलब्ध आहे. १९७८ नंतरच्या दहा वर्षांत प्रसिद्ध झालेली दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने हा तो पुरावा होय. त्यांची चर्चा आजवर मुख्यतः वेदना, विद्रोह आणि भाषा या अंगांनी झाली. वर्गावर्गांतील संबंधांचे दस्तऐवज म्हणून ती वाचली असता काय हाती लागते, ते पाहावयाचे आहे.

२

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या ग्रंथाचे शीर्षकच या दृष्टीने बोलके आहे. बलुते म्हणजे गावकीची ठरलेली कामे करणाऱ्यास कुणब्याच्या खळ्यावरून मिळणारा धान्याचा वाटा. हा वाटा मिळण्यासाठी प्रत्येक घराचा प्रत्येक घराशी वंशपरंपरेचा परिचय लागतो. कोणत्या घरी कोणी जावयाचे, सुतक कोणी कळवावयाचे, मेलेले जनावर कोणी ओढावयाचे, हे सारे ठरलेले असते. तेव्हा बलुतेदारीत वर्गान्तरसंबंधांचा अभाव नव्हता. उलट ती अशा संबंधांचीच व्यवस्था होती. हा संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकला, परंतु त्याने कोणाचे दारिद्र्य फिटले नाही. कारण दारिद्र्य फिटले असते तर तो संबंधच उरला नसता.

मराठवाड्यात या व्यवस्थेला सालगडीपणाची जोड होती. पाडव्याला साल ठरावयाचे, त्यापूर्वी उचल घ्यावयाची, आणि ती फिटेपर्यंत वाड्यावरच राबावयाचे, असा हा व्यवहार. निजामाच्या राज्यात भगेला या नावाने चालणाऱ्या वेठबिगारीच्या करारांवर नियंत्रण घालण्यासाठी १९३६ साली नियम करावा लागला. स्वतंत्र भारतात वेठबिगारीच्या उच्चाटनाचा कायदा व्हावयास १९७६ साल उजाडले. सालगड्याचा आणि मालकाचा संबंध कोरडा नसे. लग्नकार्यात मालक धान्य देई, आजारपणात पैसा देई, सणाला लुगडे-धोतर देई. हा जिव्हाळा खोटा होता असेही म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येक देण्याने उचल वाढत असे आणि उचल वाढली की दार बंद होत असे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन घर सोडतात, तेथेही मुकादम हा बहुधा ओळखीचाच माणूस असतो.

यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो की, खेड्यात उणीव होती ती संबंधांची नव्हे. पिएर बुर्द्यू यांनी सामाजिक भांडवलाचा विचार मांडताना ओळखींचे जाळे हे ज्यांच्याजवळ आहे त्यांचेच स्थान टिकवून धरण्याचे साधन असते, याकडे लक्ष वेधले होते. पुढे लोकप्रिय झालेल्या मांडणीत त्यांचा हा इशारा मागे पडला. मराठी आत्मकथनांनी तो स्वतंत्रपणे, आणि बुर्द्यूंचे नावही न घेता, पुन्हा पुढे आणला आहे.

३

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) हे आत्मकथन या निष्कर्षाला त्याच्या टोकापर्यंत नेते. निवेदकाची आई अस्पृश्य जातीतील, दारिद्र्याने गांजलेली. जन्मदाता गावचा पाटील. दोन वर्गांमधील याहून निकटचा संबंध कल्पिता येणार नाही. पण या संबंधातून जन्मलेल्या मुलाला शाळेत घालताना बापाच्या नावाच्या रकान्यात काय लिहावयाचे, हाच प्रश्न उभा राहतो. ज्या संबंधाला नाव देता येत नाही, ज्याची जबाबदारी वरच्या पक्षाला हवी तेव्हा घेता येते आणि हवी तेव्हा झटकता येते, तो संबंध कितीही निकटचा असला तरी खालच्या पक्षाच्या हातात त्यातून काहीच पडत नाही.

याच ग्रंथात दुसरेही एक नाते आहे. निवेदकाच्या आजीबरोबर राहणारा मुसलमान वृद्ध त्या मुलाला नातवासारखे वाढवितो. येथे जात नाही, धर्म नाही, मालमत्ता तर नाहीच. हे नाते मुलाला पोटभर अन्न देऊ शकत नाही, परंतु माणूसपण देते. समाजशास्त्राच्या भाषेत हा बांधणारा संबंध. त्याचे आर्थिक मूल्य अल्प. आत्मकथनाच्या तराजूत मात्र त्याचे वजन पाटलाच्या संबंधाहून कितीतरी अधिक भरते. मैत्रीसंबंधांची संख्या मोजणाऱ्या पद्धतीत हे दोन्ही संबंध कसे नोंदविले जातील, असा विचार केला म्हणजे त्या पद्धतीची मर्यादा ध्यानात येते. पहिला वर्गरेषा ओलांडतो म्हणून तो मोलाचा ठरेल, आणि दुसरा ती ओलांडत नाही म्हणून कमी मोलाचा ठरेल.

४

मग ज्यांनी दारिद्र्याची वेस ओलांडली त्यांनी ती कशाच्या बळावर ओलांडली? प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) हे दोन ग्रंथ येथे विशेष उपयोगी आहेत. पहिला उदगीरच्या परिसरातील, दुसरा लातूरजवळच्या धनेगावातील. म्हणजे दोन्ही या विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील होत.

सोनकांबळे यांच्या निवेदनात आईबापांवाचून वाढणारे मूल बहिणीच्या आश्रयाला राहते, भुकेशी झगडत शाळा शिकते आणि अखेर औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोचते. वाटेत भल्या माणसांचे साहाय्य मिळते, परंतु ते तुटक असते. कोणी एक दिवस जेवू घालतो. दुसऱ्या दिवसाची भूक तशीच राहते. जीवनाला स्थिर वळण मिळते ते शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती या संस्थांच्या साखळीमुळे. गायकवाड यांच्या निवेदनात जन्माने गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या जमातीचे जीवन आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची ही परंपरा कागदावर १९५२ साली संपली, पोलिसांच्या व्यवहारात ती संपली नाही. त्या मुलाच्या शिक्षणाला जमातीतूनही विरोध होतो. म्हणजे बांधणारे संबंध आधार देतात तसे पायही ओढतात, हे लेखक लपवीत नाही. पुढे लातूरच्या सूतगिरणीतील काम आणि कामगार संघटना यांमुळे निवेदकाला आपल्या वर्गाबाहेरील माणसांशी प्रथमच असा संबंध जोडता येतो की, ज्यात मागणी ही याचना राहत नाही.

या दोन साक्षींतून दिसते ते असे : व्यक्तीने व्यक्तीला केलेली मदत कुटुंबाला दिवसभर तारते, तीच मदत संस्थेच्या रूपाने आली तर पिढीला तारते. फरक केवळ प्रमाणाचा नाही. संस्थेकडून घेणाऱ्याला कोणा एकाच्या ओसरीवर उभे राहावे लागत नाही. भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. १९५० साली औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. या संस्था देणग्यांवर, म्हणजे सुस्थितांच्या साहाय्यावरही उभ्या राहिल्या. परंतु देणगी आणि विद्यार्थी यांच्यामध्ये संस्था उभी असल्यामुळे देणाऱ्याचा चेहरा घेणाऱ्याला पाहावा लागला नाही. वर्गान्तरसंबंध येथे नाहीसा झाला असे नव्हे. त्यातील उपकाराचा अंश गळून पडला.

५

उपकार आणि हक्क यांतील हा भेद मराठवाड्याच्या राजकीय इतिहासातही स्पष्ट दिसतो. हैदराबाद राज्यात १९५० साली कूळकायदा झाला; त्याने संरक्षित कुळांना जमिनीवर अधिकार दिला. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९५१ रोजी, त्याच राज्यातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी विनोबा भावे यांच्यापाशी ८० एकर जमिनीची मागणी केली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली आणि भूदानाला आरंभ झाला. भूदान हा वर्गावर्गांतील हृदयसंबंधावर दारिद्र्यनिवारणाची उभारणी करण्याचा भारतातील सर्वांत मोठा प्रयोग होय. त्याची नैतिक उंची वादातीत आहे. तरीही दान मिळालेल्या जमिनीचा मोठा भाग वाटपावाचून राहिला आणि वाटलेल्यापैकी पुष्कळ जमीन नापीक निघाली. कोणती जमीन द्यावयाची आणि केव्हा द्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार अखेरपर्यंत देणाऱ्याकडेच राहिला होता.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळाने राज्यभर पोचली; १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबईतील पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम मराठवाड्यातील पाझर तलावावर खडी फोडणाऱ्या स्त्रीच्या मजुरीत उतरू लागली. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते. तरीही हा वर्गान्तरसंबंधच होता, आणि बलुत्याहून तो अधिक प्रामाणिक होता, कारण मजुरी मागणाऱ्या स्त्रीला त्यात कोणाची मर्जी राखावी लागत नव्हती. २००५ च्या केंद्रीय कायद्याला याच प्रयोगाची पूर्वपीठिका होती.

येथे एक आक्षेप येण्यासारखा आहे. कायद्याने मजुरी मिळते, पण आकांक्षा मिळत नाही. अर्ज कोठे करावयाचा, कोणती परीक्षा द्यावयाची, अधिकाऱ्याशी कसे बोलावयाचे, हे माणूस माणसाकडूनच शिकतो, असे चेट्टी यांच्या बाजूने म्हणता येईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच परिचय आणि हक्क यांची सांगड जेथे घातली गेली त्या प्रयोगांकडे पाहावयास हवे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरंभिलेल्या आरोग्यप्रकल्पाने शेतकऱ्यांची मंडळे स्थापिली आणि गावातील निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका केले. पाण्याच्या विंधनविहिरी दलित वस्तीत घेतल्या गेल्या, तेव्हा पाण्यासाठी सवर्णांना त्या वस्तीत यावे लागले. या एका कृतीत संबंधाची दिशाच उलटली. ज्ञान आणि पाणी ज्यांच्याकडे गेले, त्यांच्या दाराशी इतरांना जावे लागले. परिचयाने उन्नती होते हे खरे. परंतु दोन्ही पक्षांना एकमेकांची गरज असेल अशी मांडणी आधी करावी लागते.

६

कोणत्या संबंधात बळ आहे, याची कसोटी मराठवाड्याने १९७८ साली पाहिली. २७ जुलै रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर नांदेड, परभणी व अन्य जिल्ह्यांतील खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ज्यांनी हल्ले केले आणि ज्यांच्यावर झाले ते पुष्कळ ठिकाणी एकमेकांना नावानिशी ओळखत होते. एकाच शिवारात राबत होते. पिढ्यांचा परिचय त्या दिवसांत उपयोगी पडला नाही. दलितांनी मागितले होते ते धान्य नव्हते, जमीन नव्हती. एक नाव होते. जो संबंध आज्ञापालनावर उभा होता, तो स्वाभिमानाच्या पहिल्या उच्चाराबरोबर कोसळला. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे विद्यापीठ अस्तित्वात आले. म्हणजे विष्णुपुरीच्या या परिसराचा जन्मच त्या संघर्षाच्या समाप्तीशी निगडित आहे.

यावरून वर्गान्तरसंबंधाची एक कसोटी सांगता येते. ज्या संबंधात दुर्बळ पक्ष नकार देऊ शकतो आणि नकार दिल्यानंतरही तो संबंध टिकून राहतो, तोच संबंध दारिद्र्यातून बाहेर पडावयास साहाय्यभूत होतो. बलुते, सालगडीपण आणि पाटलाचे नाते या कसोटीला उतरत नाही. वसतिगृह, कामगार संघटना, रोजगार हमी आणि जामखेडची विहीर कमीअधिक प्रमाणात उतरते.

७

ही कसोटी स्वीकारताना आत्मकथनांच्या साक्षीची मर्यादाही नमूद करावयास हवी. जे वर आले त्यांनीच ही आत्मकथने लिहिली. जे राहिले त्यांची साक्ष नोंदविली गेली नाही. शिवाय बहुतेक ग्रंथांत वर येतो तो कुटुंबातील एक मुलगा. 'बलुतं'च्या रचनेत दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या सुशिक्षित माणसाला सांगतो. एकाच देहातील मागे राहिलेला आणि पुढे गेलेला यांचा हा संवाद आहे. वर येण्याने कुटुंबच नव्हे, तर माणूसही कसा दुभंगतो, ते या रचनेने दाखविले. सोनकांबळे यांना ज्या बहिणीच्या घराने आश्रय दिला, त्या घराचे दारिद्र्य भावाच्या शिक्षणाने आपोआप फिटत नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही स्त्रियांची आत्मकथने याच जागी महत्त्वाची ठरतात. घरात राहून घर वर काढण्याचे श्रम त्यांत दिसतात. तेव्हा 'कुटुंबाची दारिद्र्यमुक्ती' हा शब्दप्रयोग वापरताना त्या कुटुंबातील कोण बाहेर पडले आणि कोणाच्या खर्चाने बाहेर पडले, हे विचारणे अगत्याचे आहे.

८

विष्णुपुरीच्या परिसरात आज गोदावरीवरील मोठा उपसा जलसिंचन प्रकल्प आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि विद्यापीठ आहे. गावकरी, शेतमजूर, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या स्त्रिया, प्राध्यापक आणि दूरच्या तालुक्यांतून आलेले विद्यार्थी हे सारे काही मैलांच्या आत वावरतात. चेट्टी यांच्याच संशोधनातील दुसरा भाग येथे आठवावा. वर्गावर्गांत मैत्री कमी असण्याचे सुमारे निम्मे कारण भेटीगाठींचा अभाव हे असते. उरलेले निम्मे कारण भेटीगाठी होऊनही मैत्री न होणे हे असते. सान्निध्य म्हणजे संबंध नव्हे.

शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजनेखाली, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना निवास-भोजनासाठी रोख रक्कम देण्याचे धोरण स्वीकारले. या रकमेमुळे विद्यार्थी कोणाचा मिंधा राहत नाही, हा मोठा लाभ होय. परंतु भाड्याच्या खोलीत तो बहुधा आपल्याच तालुक्याच्या, आपल्याच जातीच्या मुलांबरोबर राहतो. साताऱ्याच्या वसतिगृहातील एकत्र पंक्ती त्याच्या वाट्याला येत नाही. हक्क मिळाला आणि सहवास हुकला, अशी ही स्थिती आहे. बलुतेदारीत सहवास होता आणि हक्क नव्हता. या दोहोंपैकी एकावर समाधान मानणे हे कोणत्याही धोरणाला परवडणारे नाही.

अभ्यासकांपुढे यातून निश्चित स्वरूपाचे काम उभे राहते. परिसरातील कुटुंबांची पाहणी करताना किती सुस्थितांशी ओळख आहे एवढेच विचारून भागणार नाही. त्यांपैकी कोणाला नाही म्हणता येते, नाही म्हटल्यावर काय घडले, आणि मिळालेल्या साहाय्याची परतफेड कोणत्या स्वरूपात करावी लागली, हेही विचारावे लागेल. या प्रश्नांची भाषा तयार करण्याच्या कामी पाहणीच्या छापील तक्त्यांपेक्षा वर उल्लेखिलेली आत्मकथने अधिक उपयोगी पडतील. आणि मराठी विभाग व सामाजिक शास्त्रे यांनी एकत्र बसून करावयाच्या कामाचा आरंभ तेथूनच होऊ शकेल.